पाच गुंड पाणी: किशोर कादंबरीची पटकथा करताना

भयाण भविष्याची किशोर कादंबरी बहुधा ‘मी’ सांगत असते. पटकथेची पहिली अडचण तीच. पानभर चाललेला विचार कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि तो निवेदनात ओतला की समोरचं चित्र नुसतं पाठीमागे हलत राहतं. ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी (२००८) पूर्ण नायिकेच्या तोंडून आहे. सिनेमात (२०१२) खेळ चालवणाऱ्यांची नियंत्रण खोली उघडून दाखवली, त्यामुळे आखाड्यातले डावपेच तिच्या मनाबाहेर मांडता आले.

समजा, गोष्ट यवतमाळकडच्या गावची आहे. पाणी कार्डावर, माणशी एक गुंड, म्हणजे पाण्याचं एक भांडं. बारा वर्षांच्या पोरीचा भाऊ मेलाय, पण घरची माणसं मोजताना ती त्याला अजून धरते. कादंबरीत यावर दोन पानं असतील. पटकथेत टँकरवरची पाणी वाटायची खिडकी पुरते.

“घरात किती जण?” खिडकीतला बाबू विचारतो.

“पाच.”

मागं उभी आई मान खाली घालते. ओट्यावर चार गुंड भरलेले, पाचवा रिकामा. नियम, दुःख आणि गुन्हा एकाच प्रसंगात आले. इथं निवेदनाची एक ओळ जरी घातली तरी प्रसंग मरतो.

लिहिण्याआधी त्या जगातला प्रत्येक नियम वेगळ्या चिठ्ठीवर उतरवा. तीसेक सहज निघतात, पाचच ठेवा. प्रत्येक नियम आधी पाळताना दिसावा, मग मोडताना. जो मोडला जात नाही तो काढा, कितीही आवडता असला तरी. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, त्यामुळे ३०० पानी कादंबरीतून ११० पानांच्या आसपासच उरायला हवं.

बाबू प्रमाण मराठीत बोलेल, पोरगी घरात “मले”, “तुले”, “कायले” म्हणेल. सत्ता कोणाची, ते यातून न सांगता कळतं. वऱ्हाडी ऐकू आली की हसायचं, ही सवय सिनेमानंच लावली. रडतानाही पोरगी वऱ्हाडीतच रडली पाहिजे. गोष्ट गडचिरोलीकडं नेली तर वऱ्हाडीऐवजी झाडीबोली येईल. दोन्हींची भेसळ तिथल्या माणसाला लगेच खटकते.

वय वाढवायचा मोह टाळा. ‘द गिव्हर’चा नायक कादंबरीत (१९९३) बाराचा, सिनेमात (२०१४) सोळाचा. सोळाव्या वर्षी बंडाचं नवल राहत नाही. मात्र चौदाच्या आतलं मूल घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. वेळापत्रक या पाच तासांवरूनच आखा. कादंबरीच्या हक्कांचा लेखकाशी करार लेखी हवा; त्यात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत.

बंद पडलेलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, या जगाला शोभतं, पण कोपऱ्यात साचलेली रुई भुर्रकन पेटते. आधी झाडून घ्या. मशाली आणि तापणारे दिवे आत नकोतच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कॅमेरा तापून बंद पडतो आणि दुपारच्या डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात. चित्रीकरण सकाळी सहा ते दहा, मग चारनंतर. बाहेरचे सगळे प्रसंग मृगाआधी उरका, कारण दोन पाऊस पडले की शेतांचे धुरे, म्हणजे बांध, हिरवे होतात आणि दुष्काळ जुळत नाही. जिनिंगमधलं काम नंतर करता येतं. फक्त पत्र्यावर पाऊस वाजत असताना आवाज घेऊ नका.