शिकाऊ पोरांच्या हाती ब्रेकर? तुम्ही विचारलंत म्हणून

"चालू डेटा सेंटरमध्ये शिकाऊ पोरं घेता? भीती नाही वाटत?" विचारणाऱ्यांत कॉलेजचे प्राचार्य असतात, मुलांचे आईवडील असतात, आमच्याच धंद्यातले लोक तर असतातच. मी दर वेळी उभ्याउभ्या काहीतरी सांगतो आणि ते अर्धवट राहतं. म्हणून आज बसून लिहितोय.

भीती वाटते. पण त्याहून जास्त भीती मला अनुभवी माणसाची वाटते, त्यातही माझ्यासारख्याची.

मी मूळचा कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. बारा वर्षं पॅनेलं हाताळून झाल्यावर डेटा सेंटरच्या, म्हणजे सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवायच्या, कामात आलो. इथे प्रत्येक रॅकला, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटाला, वीज दोन वाटांनी येते, अ आणि ब. एक वाट दुरुस्तीला काढली तरी दुसरीवर सर्व्हर चालू राहतात. एका रात्री ब वाट आधीच बंद होती आणि तिच्याच पॅनेलमधला आणखी एक ब्रेकर, म्हणजे वीज तोडायचा मोठा स्विच, मला ऑफ करायचा होता. अ आणि ब यांच्या खोल्या समोरासमोर, आरशात पाहावं तशा उलट्या मांडलेल्या. कामाचा कागद खिशातच होता. मी आत शिरलो, डावीकडून तिसरं पॅनेल मोजलं आणि हँडल ओढलं. खोली अ ची होती. भिंतीपलीकडच्या पंख्यांची घरघर उतरत गेली आणि मग काहीच ऐकू येईना. वीज चार मिनिटांत परत आली, पण सर्व सर्व्हर सावरेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. मला कुणी काढून टाकलं नाही, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

त्या रात्री मला काय करायचं ते नीट माहीत होतं. म्हणूनच मी कागद वाचला नाही. ज्याला काहीच येत नाही असं पोर तो कागद वाचतं, शब्दन् शब्द.

आमच्याकडे उमेदवारीला आलेल्या मुलाला पहिले तीन महिने कशालाही हात लावू देत नाही. फक्त फेऱ्या. दर दोन तासांनी यूपीएसची खोली, बॅटऱ्या, चिलर (थंडाव्याचं यंत्र), पंप, जनरेटर, आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा नोंदवहीत. कंटाळवाणं काम आहे, आणि मुलं तसं तोंडावर सांगतात. एक अपवाद मात्र आहे, जनरेटरच्या इंजिनला हात लावायचा. बंद असलेलं इंजिन कोमट लागलं पाहिजे, कारण त्यातलं पाणी गरम ठेवणारा एक हीटर रात्रंदिवस चालू असतो. वीज गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटांपुरतीच साथ देतात, आणि जनरेटरने दहा-पंधरा सेकंदांत भार उचलावा अशी अपेक्षा असते. थंडगार इंजिन तिथे नखरे करतं. हे वर्गात पाच मिनिटांत सांगून होतं. पण पहाटे चारला तळहाताला इंजिन गार लागलं आणि पोटात गोळा आला, की ते जन्मभर विसरत नाही.

तीन महिन्यांनी मुलाला एक कुलूप मिळतं. त्यावर त्याचं नाव आणि फोटो, आणि किल्ली एकच, त्याच्याच खिशात. ज्या यंत्रावर तो काम करणार, त्याचा वीजपुरवठा तोडून तिथे हे कुलूप लावायचं. ते दुसऱ्या कुणी काढायचं नाही, मीसुद्धा नाही. साहेबालाही काढता येत नाही अशी एक वस्तू आपल्या ताब्यात आहे हे कळलं, की मूल जरा ताठ उभं राहतं.

ब्रेकरपाशी नेहमी दोघं. एकजण कागदावरची पायरी मोठ्याने वाचतो. दुसरा पॅनेलवरच्या पाटीकडे बोट दाखवून तीच पायरी परत म्हणतो. पहिला "बरोबर" म्हणाला की मगच हँडल हलतं आणि पायरीसमोर वेळ लिहिली जाते. जपानच्या रेल्वेतले चालक आणि गार्ड सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात, त्याच जातीची ही पद्धत. नवख्या माणसाला लाज वाटते. अनुभवी माणसाला जास्त वाटते.

दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने याच पद्धतीने काम थांबवलं होतं. कागदावर होतं "२-ब", पाटीवर "२-अ". सोबतचा तंत्रज्ञ तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, टायपिंगची चूक आहे, कर. ती म्हणाली, "सर, मी नाही करणार," आणि मला फोन लावला. रात्रीचे अडीच वाजले होते. खरं सांगतो, आधी मला तिचाच राग आला. काम पुढे ढकललं, सकाळी नकाशे काढले. पाटी बरोबर होती. कागद मात्र वर्षभरापूर्वीच्या नकाशावरून बनवलेला, आणि मधल्या काळात केबल बदलल्या होत्या. तिने हँडल ओढलं असतं तर काय बंद पडलं असतं ते त्या तंत्रज्ञालाच नकाशावर शोधायला लावलं. तो बराच वेळ गप्प होता.

असं "नाही" म्हणणं शिकवायचा कोर्स मला कुठे सापडलेला नाही. याचा अर्थ कॉलेज नको असा मात्र काढू नका. साइटवर "काय" आणि "कसं" शिकता येतं, "का" शिकायला वेळच नसतो. सर्व्हरला जाणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियस असावी, ही अॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आमचा प्रत्येक मुलगा पाठ म्हणतो. मग सगळीकडे १८ च का ठेवत नाही, असं विचारलं की निम्मे गप्प. उष्णता, दमटपणा, चिलरला लागणारी वीज यांचं नातं ज्याने वर्गात गणित मांडून सोडवलंय तोच उत्तर देतो.

कॉलेजांशी आमची सुरुवात फार वाईट झाली. पहिल्या कॉलेजने सामंजस्य करार केला, फोटो काढले, आणि वर्षातून एकदा तीस मुलं दोन तासांच्या भेटीला पाठवली. मुलांनी सेल्फी काढले, बिस्किटं खाल्ली, गेली. दोष अर्धा आमचाही, कारण आम्ही त्यांना भेटीपलीकडे काही दिलंच नव्हतं. दुसऱ्या तंत्रनिकेतनाशी बोलताना मी करार बाजूला ठेवून दोन गोष्टी मागितल्या. एक, मुलं आठवड्याचे चार दिवस आमच्याकडे, एक दिवस वर्गात, आणि हे दोन वर्षं, विद्यावेतनासकट. जर्मनीतल्या दुहेरी शिक्षणपद्धतीचा हाच गाभा आहे, त्यात नवं काही नाही. दुसरी, त्यांचे शिक्षक सुट्टीत महिनाभर आमच्या पाळ्यांत, रात्रपाळीसकट. यावर खूप कुरकुर झाली. पण रात्रपाळी करून गेलेल्या शिक्षकाने पुढच्या सत्रात स्वतःहून प्रयोग बदलले.

आमच्याकडून गेलं ते भंगार. जुना यूपीएस, ब्रेकर, बाद झालेले सर्व्हर. मायक्रोसॉफ्टही आपल्या डेटासेंटर अकॅडमीसाठी वापरातून काढलेली यंत्रं कॉलेजांच्या प्रयोगशाळांना देते. आम्ही त्यात मुद्दाम बिघाड करून ठेवतो. सैल जोडणी, चुकीची पाटी. चुकीची पाटी पकडायला मुलांना सर्वांत जास्त वेळ लागतो.

माणसं लागणार आहेत हे सगळ्यांनाच दिसतंय. या कामाला जगभरात २०१९ साली सुमारे २० लाख माणसं होती आणि २०२५ पर्यंत जवळपास २३ लाख लागतील, असा डेटा सेंटरांचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटचा अंदाज होता. तो एआयची ही लाट येण्याआधीचा. तरी जाहिरातींत "पाच वर्षांचा अनुभव" ही अट तशीच. हा अनुभव कुणाच्या तरी साइटवरच मिळणार ना? पण ती साइट आपली नको, असं प्रत्येकाला वाटतं.

"शिकवलं आणि सोडून गेली तर?" हा जोडप्रश्नही ठरलेला. जातात. पहिल्या सहांपैकी दोघं गेली, जास्त पगारावर. त्यातला एक चिलर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे आणि बिघाड झाला की तोच आमच्याकडे येतो. कुठला व्हॉल्व्ह अडकतो ते त्याला विचारावं लागत नाही. दुसऱ्याचा पत्ता नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

राहिला शेवटचा प्रश्न, ही मुलं एकट्याने ब्रेकर कधी हाताळतात? कधीच नाही. मीही नाही. गेल्या महिन्यात एका कामात ती मुलगी कागद वाचत होती आणि मी पॅनेलपाशी होतो. मी पायरी म्हटली आणि हँडलकडे हात नेला. ती म्हणाली, "सर, बोट दाखवलं नाहीत." मी दाखवलं, पायरी पुन्हा म्हटली, मग तिने वेळ लिहिली.