दोन व्हेरिएबलवाली लिमिट मला कशी समजली – माझा अनुभव

बीएस्सी सेकंड इयरला होतो तेव्हाचं सांगतो. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, कॉलेजला रोज एसटीनं जाणं-येणं, सकाळची गाडी हुकली की पहिला तास गेलाच आणि मॅथ्सचा तास नेमका पहिलाच असायचा. त्यामुळं दोन व्हेरिएबलच्या फंक्शनची लिमिट हा टॉपिक सुरू झाला तेव्हाचे दोन तास माझे बुडाले आणि मी ते गाईडवरून भरून काढले, सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

बारावीपर्यंत लिमिट, म्हणजे एक्स एखाद्या बिंदूच्या जवळ जवळ गेला की फंक्शनची किंमत कशाच्या जवळ जाते ते, माझी आवडती होती. एकच व्हेरिएबल, धुऱ्यावरून विहिरीकडं चालत जायचं असल्यासारखं, एक तर इकडून याल नाही तर तिकडून. डावीकडून जे उत्तर येतं तेच उजवीकडून आलं की झालं. दोन व्हेरिएबल आले की धुरा संपतो, तुम्ही मोकळ्या वावरात असता आणि विहिरीकडं सरळ, तिरपं, वळसा घेऊन, कसंही येता येतं, आणि लिमिट आहे म्हणायचं तर या सगळ्या वाटांनी एकच उत्तर यायला पाहिजे. इथपर्यंत मला वाचून कळलं होतं. गाईडमध्ये पुढं रीत दिली होती की वाय बरोबर एम एक्स ठेवा (म्हणजे ओरिजिनमधून, जिथं एक्स आणि वाय दोन्ही शून्य, तिथून जाणारी सरळ रेष, एम हा तिचा उतार), उत्तरात एम उरला तर लिमिट नाही, एम उडाला तर जे उरलं तीच लिमिट. म्या ते पाठ केलं. यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे अन दुसरं अर्धं साफ चूक आहे, हे मला टेस्टचा पेपर हातात आल्यावर कळलं.

प्रश्न होता, वर एक्स स्क्वेअर गुणिले वाय, खाली एक्सची चौथी पॉवर अधिक वाय स्क्वेअर, एक्स आणि वाय दोन्ही शून्याकडं जातात तर लिमिट काढा. म्या वाय बरोबर एम एक्स ठेवलं, वर एम एक्स क्यूब, खाली एक्सची चौथी अधिक एम स्क्वेअर एक्स स्क्वेअर, एक्स स्क्वेअर कटला, वर एम एक्स आणि खाली एक्स स्क्वेअर अधिक एम स्क्वेअर. एक्स शून्याकडं गेला की शून्य. एम कोणताही घ्या, शून्यच. उभ्या ॲक्सिसवर तर एक्स स्वतःच शून्य, तिथंही शून्य. म्हणून लिमिट शून्य लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. पाचपैकी एक मार्क, आणि सरांनी बाजूला लाल पेननं लिहिलेलं, फक्त रेषाच का?

सरांना विचारायला गेलो तर त्यांनी फळ्यावर वाय बरोबर एक्स स्क्वेअर, म्हणजे पॅराबोला नावाची वाकडी वाट, टाकून दाखवलं. वर एक्सची चौथी, खाली एक्सची चौथी अधिक एक्सची चौथी, उत्तर एक भागिले दोन. एका वाटेनं शून्य, दुसऱ्या वाटेनं अर्धा, लिमिट नाही. दोन मिनिटांचं काम. मी हो सर म्हणलं अन बाहेर आलो, पण डोकं काही शांत होईना.

माझं म्हणणं असं होतं की बाप्पा, पेपरवरचा प्रत्येक बिंदू कोणत्या ना कोणत्या रेषेवर असतोच, ओरिजिनपासून त्या बिंदूपर्यंत पट्टी ठेवा, रेष मिळाली. आणि प्रत्येक रेषेवर फंक्शन शून्याकडं जातं हे तर म्या स्वतः काढलं. मग तो अर्धा लपून कुठं राहिला? सगळे बिंदू रेषांनी खाऊन टाकले तर पॅराबोलाला वेगळे बिंदू आले कुठून? दोस्तांना विचारलं तर म्हणे एवढा विचार कायले करतं बे, पॅराबोला ठेव, लिमिट नाही लिही, मार्क घे. मार्क मिळालेही असते, पण मला ती गोष्ट खटकत राहिली.

त्या दिवसात आमच्याकडं हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं. थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणून बाबा आणि मी वावरातच असायचो, पाईप बदलायचा, पुन्हा तासभर बसायचं. त्या तासाभरात वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ठरवलं की एक्स न कापता सरळ आकडे टाकून पाहू, आणि रेष अशी घेऊ जी एकदम आडवी पडलेली आहे. एम घेतला ०.०१. एक्स ०.१ ठेवला तर किंमत आली ०.०९९. बरं. एक्स ०.०१ केला, म्हणजे ओरिजिनच्या दहापट जवळ गेलो, अन किंमत आली ०.५. मला वाटलं बटण चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा ०.५. मग ०.००१ ठेवला तर पुन्हा ०.०९९, आणि ०.०००१ ला ०.०१ च्या आसपास. म्हणजे रेषेवरून चालताना किंमत आधी चढते, ०.५ पर्यंत जाते आणि मग उतरून शून्याकडं जाते! रेषेवर टेकाड आहे, आणि ते टेकाड बरोबर तिथं आहे जिथं एक्स आणि एम सारखे होतात. एम ०.००१ घेतला तर टेकाड ०.००१ वर. रेष जितकी आडवी, टेकाड तितकं ओरिजिनच्या जवळ. बाबांनी दोनदा आवाज दिला पाईप बदल म्हणून, मला ऐकूच आलं नाही.

तरी डोळ्यापुढं चित्र येईना. मोबाईलवर थ्रीडी ग्राफ काढून पाहिला, पण छोट्या स्क्रीनवर ओरिजिनजवळ नुसती चुरगळलेली चादर दिसायची. मग रविवारी सकाळी गोठ्याजवळ, जिथं माती भुसभुशीत आहे, तिथं एक मीटरचा चौकोन आखला. तूर निघाली होती, तुराट्यांचा ढीग घरामागं पडलाच होता. चौकोनाच्या एका कोपऱ्यात खुंटी ठोकली, ती ओरिजिन. खुंटीपासून सुतळी ताणून तीन रेषा आखल्या, एम एक, एम अर्धा, एम पाव. एक्स १०० सेंटीमीटर, ५०, २५ आणि १० असे चार ठिकाणं धरले, आणि प्रत्येक ठिकाणी फंक्शनच्या किंमतीएवढ्या उंचीची तुराटी विळ्यानं कापून रोवली, १ ला १०० सेंटीमीटर असा हिशेब.

पहिल्या रेषेवर उंची आली ५०, ४०, साडेतेवीस, १०. बरोबर उतरत गेली. दुसरीवर ४०, ५०, ४०, १९. तिसरीवर साडेतेवीस, ४०, ५०, साडेचौतीस. तिसऱ्या रेषेची खुंटीजवळची शेवटची काडी अजून गुडघ्याच्या खालपर्यंत उंचच होती, तिला उतरायला आणखी आत जावं लागलं असतं. मग म्या आणखी एक रेष टाकली, एम ०.१ ची, तिची ५० सेंटीमीटरवाली काडी खुंटीपासून फक्त १० सेंटीमीटरवर आणि आडव्या काठापासून एक सेंटीमीटर वर. त्या चारही उंच काड्यांच्या टोकाला सुतळी बांधत गेलो. सुतळी खाली उतरलीच नाही, एकाच उंचीवर वळत वळत खुंटीकडं गेली. तीच वाय बरोबर एक्स स्क्वेअरवाली वाट. आजी बाजेवर बसून पाहत होती, म्हणाली, "काय मांडून राहिला रे हे?" म्या म्हणलं, "आजी, शाळेचं गणित आहे." "मंग उंच उंच काड्या एका वळीतच काऊन आल्या?" म्या तिला म्हणलं, आजी, मले हेच तर पाहायचं होतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथं जमिनीत रोवलेलं होतं. पॅराबोलाचे बिंदू वेगळे नाहीतच, प्रत्येक बिंदू एकेका रेषेवरचाच आहे, पण त्या त्या रेषेच्या टेकाडावरचा. प्रत्येक रेष शून्याला पोचते हे खरं, पण प्रत्येकीची पोचायची वेळ वेगळी आहे, कोणी लांबूनच उतरते, कोणी अगदी खुंटीला टेकेपर्यंत उंच राहते, आणि सगळ्यांना मिळून लागू होईल असं एक अंतर सापडतच नाही.

आणि मग एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची पक्की व्याख्या, जे मी तोवर नुसतं पाठ म्हणत होतो, ते एकदम सरळ झालं. कोणी म्हणलं की १० सेंटीमीटरपेक्षा उंच काडी मला नको, तर खुंटीभोवती सुतळीनं असा गोल काढून द्यायचा की त्या गोलात एकही काडी १० च्या वर नाही. तो १० म्हणजे एप्सिलॉन, गोलाची त्रिज्या म्हणजे डेल्टा. आणि खुंटीच्या जागेवर स्वतः काय उंची आहे हे कोणी विचारत नाही, ती जागा सोडून बोलायचं. माझ्या मांडणीत गोल कितीही लहान काढा, पॅराबोलावरची अर्ध्या मीटरची काडी त्यात येणारच. म्हणून लिमिट नाही. वाटांचा इथं संबंधच नाही बघा, व्याख्येत वाट हा शब्दच नाही, गोल आहे. वाटा फक्त मोडायच्या कामाच्या, दोन वाटांनी वेगळं उत्तर आलं की लिमिट मोडली, पण शंभर वाटांनी सारखं उत्तर आलं तरी लिमिट सिद्ध होत नाही.

मग लिमिट असलेलं फंक्शन घेऊन बसलो. वर तेच एक्स स्क्वेअर वाय, पण खाली साधं एक्स स्क्वेअर अधिक वाय स्क्वेअर. यात एक्स स्क्वेअर भागिले एक्स स्क्वेअर अधिक वाय स्क्वेअर हा तुकडा कधीच एकच्या वर जात नाही, म्हणून काडीची उंची वायपेक्षा जास्त नाही, आणि वाय हा खुंटीपासूनच्या अंतरापेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे १० च्या आत पाहिजे तर १० सेंटीमीटरचा गोल काढून द्या, २ च्या आत पाहिजे तर २ चा. डेल्टा बरोबर एप्सिलॉन. एका ओळीत सगळ्या वाटा एकदम आटोपल्या, सरळ अन वाकड्या दोन्ही. असं वरून-खालून दाबून धरणं यालाच सँडविच थिअरम म्हणतात.

पोलरबद्दल, म्हणजे बिंदू ओरिजिनपासूनचं अंतर (आर) आणि कोन (थीटा) यांनी सांगायच्या रीतीबद्दल, मात्र सावध राहा, तिथं मी पुन्हा एकदा पडलो. एक्सच्या जागी आर कॉस थीटा, वायच्या जागी आर साइन थीटा टाकलं की खूप गणितं पटकन सुटतात, पण थीटा एकाच जागी धरून आर शून्याकडं नेला तर ते म्हणजे पुन्हा सरळ रेषांनीच चालणं झालं. टेस्टवालं फंक्शन पोलरमध्ये टाकून पाहा, थीटा फिक्स ठेवला तर शून्यच येते आणि तुम्ही पुन्हा फसता. दुसरं फंक्शन आर गुणिले कॉस स्क्वेअर थीटा साइन थीटा होतं, ते थीटा काहीही असो आरच्या वर जात नाही, म्हणून ते चालतं. थीटावर अवलंबून नसलेली मर्यादा मिळाली तरच लिमिट म्हणायची.

आधी एक्स शून्य करायचा आणि मग वाय, अशी एकामागे एक लिमिट काढून दोघांची एकत्र लिमिट समजणं हीपण तशीच चूक. वर एक्स वाय, खाली एक्स स्क्वेअर अधिक वाय स्क्वेअर घ्या, एकामागे एक काढली तर दोन्ही बाजूंनी शून्य, पण वाय बरोबर एक्सवर अर्धा आणि वाय बरोबर दोन एक्सवर दोन पंचमांश. पुढं वाचताना कळलं की ऑगस्टिन कोशी, ज्यानं लिमिटला पक्का पाया दिला, त्यानंही १८२१ मध्ये असं लिहून ठेवलं होतं की फंक्शन प्रत्येक व्हेरिएबलमध्ये वेगवेगळं कंटिन्युअस (म्हणजे लिमिट आणि त्या जागेवरची किंमत एकच) असेल तर एकत्रही कंटिन्युअस असतं. हेच एक्स वायवालं फंक्शन, ओरिजिनवर शून्य धरून, ते खोटं पाडतं. हे वाचल्यावर मला फार धीर आला. ज्या जागी एवढा मोठा माणूस घसरला ती जागा खरंच निसरडी आहे.

आता गावातल्या दोन-तीन पोरांना शिकवतो तेव्हा वाट कशी शोधायची ते असं सांगतो. खालच्या दोन टर्म पाहा, कोणती वाट घेतली तर दोन्हींची पॉवर सारखी होते ते शोधा. एक्सची चौथी आणि वाय स्क्वेअर असेल तर वाय बरोबर एक्स स्क्वेअर. एक्स स्क्वेअर आणि वायची सहावी असेल तर एक्स बरोबर वाय क्यूब. रेषांवर शून्य आणि त्या वाटेवर किंमत शून्य आली नाही तर काम झालं, लिमिट नाही. शून्यच आली तर मग दाबून धरायच्या मागं लागा, जसं वर एक्स स्क्वेअर वाय स्क्वेअर आणि खाली एक्सची चौथी अधिक वाय स्क्वेअर, ते एक्स स्क्वेअरच्या वर जात नाही, लिमिट शून्य. आणि खाली जर एक्स अधिक वाय असं असेल, जे एका आख्ख्या रेषेवर शून्य होतं, तर त्या रेषेला घासून जाणारी वाट घ्या. वर एक्स वाय, खाली एक्स अधिक वाय, बाकी रेषांवर शून्य, पण वाय बरोबर उणे एक्स अधिक एक्स स्क्वेअर ठेवलं की उणे एक.

युनिव्हर्सिटीच्या पेपरात त्या वर्षी आलं होतं, वर एक्स क्यूब वाय, खाली एक्सची सहावी अधिक वाय स्क्वेअर. रेषांवर शून्य, वाय बरोबर के एक्स स्क्वेअरवाल्या (के कोणताही आकडा) सगळ्या पॅराबोलांवरही शून्य. वाय बरोबर एक्स क्यूब ठेवलं आणि अर्धा आला.