शिवाजी पार्कात टॉवर शोभतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. कुणाच्या मुंजीला गेलं तरी तोच प्रश्न: "२०१२ला हेरिटेजसाठी भांडलीस आणि आता स्वतःचीच जुनी बिल्डिंग पाडून टॉवर बांधायला संमती दिलीस?"

हो, दिली.

तेव्हा शिवाजी पार्कभोवतालचा परिसर हेरिटेज प्रिसिंक्ट, म्हणजे जपायचा वारसा परिसर, करायचा प्रस्ताव होता आणि पुनर्विकास अडेल म्हणून इथलेच लोक चिडले होते. मी सांगत फिरायचे की यात एकेका बिल्डिंगचं कौतुक नसतं, सगळी रांग मिळून जे दिसतं ते जपायचं असतं, तळमजल्यावर दोन-तीन मजले, गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, झाडांच्या उंचीतच संपणारी घरं. ते मला आजही पटतं. पण दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे, हे मला कुणी विचारलं की मी विषय बदलायचे. पागडीची घरं, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेली, भाडं १९४७च्या कायद्याने गोठलेलं, त्या भाड्यात मालक कसली डागडुजी करणार?

मग आमच्या बिल्डिंगच्या टॉवरसाठी मीटिंग झाली. बिल्डरच्या आर्किटेक्टने स्क्रीनवर चित्र लावलं, वर गोल बाल्कन्या चिकटवलेल्या, म्हणे "कॅरेक्टर जपलंय", आणि खाली पाच मजले नुसतं पार्किंग. मी विचारलं, रस्त्यावरून चालणाऱ्याला काय दिसेल? तो म्हणाला, ग्रीन वॉल. मी उठून बोलायला लागले की आमच्याकडे पहिल्या मजल्यावरून आई भाजीवाल्याशी बोलते, खालच्या पोराला हाक मारते, पार्कात जे आहे ते या पहिल्या तीस फुटांत आहे, उंचीचं नंतर बघू. बोलत होते तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं, तुझं सगळं खरं, पण हिला आम्ही खुर्चीत बसवून खाली आणलं ना, वळणावर खुर्ची अडकली आणि ती रडायला लागली, म्हणाली मला इथेच ठेवा. लिफ्ट कधी देतेस सांग." काकू त्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये गेल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसले.

सही मी नंतर केली, कुणी दबाव आणला नाही. २०१२ची मी आज समोर आली तर म्हणेल की लिफ्ट जुन्या बिल्डिंगलाही बाहेरून लावता येते. येते गं, पण पैसे कोण देणार आणि सडलेल्या स्लॅबचं काय?

तरीही टॉवर शोभतो असं मी म्हणणार नाही. पार्किंग बेसमेंटला न्या आणि खालचे मजले राहायला द्या, असं पत्र दिलंय. समुद्र जवळ आहे, पाणी लागतं, खर्च वाढतो, असं उत्तर आलं. ते खोटं नाही. मी दुसरं पत्र लिहितेय, निदान रस्त्याकडच्या बाजूला तरी घरं ठेवा आणि गाड्या मागे घ्या म्हणून. इथे राहणाऱ्या कुणाला त्यावर सही करायची असेल तर सांगा.