विंडोज एसएसडीवर नेताना मागे राहिलेले १०० एमबी

माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत साडेतीन मिनिटं लागायची. घड्याळ लावून मोजली होती. प्रोसेसर बरा होता, रॅम ८ जीबी होती. घोडं अडत होतं ते हार्ड डिस्कपाशी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून खाली यायचा नाही आणि कॅबिनेटमधून बारीक खरखर ऐकू येत राहायची. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या) डिस्कला एक फेरा घ्यायला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली वाचायच्या असतात आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. एसएसडीत माहिती चिपवर साठवलेली असते, फिरणारं काही नसतंच.

५०० जीबीची साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलनं जोडायची) एसएसडी घेतली. विंडोजमध्ये ती ४६५ जीबी दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. जुनी डिस्क १ टीबीची असली तरी आत भरलेलं होतं २१० जीबी, म्हणजे जागेचा प्रश्न नव्हता. कोरं विंडोज टाकणं जास्त स्वच्छ, हे मलाही पटतं. पण कित्येक वर्षांत बसवलेली सॉफ्टवेअरं आणि सेटिंग्ज पुन्हा जुळवायची माझी तयारी नव्हती, म्हणून क्लोन करायचं ठरवलं.

आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग डिस्कमधले दोष तपासणारं 'चेकडिस्क' चालवलं, कारण क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल. जुनीकडची गडबडही नवीकडे जाते आणि बॅड सेक्टर (डिस्कचा खराब झालेला तुकडा) लागला तर काम मध्येच थांबतं. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो आधी थांबवावा. माझ्याकडे नव्हता.

चूक झाली ती पुढे. क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी फक्त 'सी' निवडला. माझ्या डोक्यात विंडोज म्हणजे सी ड्राइव्ह, एवढंच होतं. दीड तासात कॉपी पूर्ण. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बूटच्या यादीत एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणली, कॉम्प्युटर चालू केला आणि पुन्हा साडेतीन मिनिटं. खरखरही तीच. डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं तर 'सी' अजून जुन्याच डिस्कवर, आणि एसएसडी 'ई' होऊन नुसती बसलेली. जुन्या डिस्कची केबल काढली तेव्हा तर काळा पडदा: बूट डिव्हाइस सापडत नाही.

जुन्या डिस्कच्या पट्टीत अगदी डावीकडे १०० एमबीचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, होतं. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून एरवी ते नजरेला पडतच नाही. हेच ईएफआय पार्टिशन. यूईएफआयवर (जुन्या बायोसची जागा घेतलेल्या व्यवस्थेवर) चालणाऱ्या मशीनमध्ये बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम, इथे असतो आणि विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे हेही इथेच लिहिलेलं असतं. एसएसडीवर विंडोज पूर्ण होतं, पण त्याला उठवणारं कोणी नव्हतं.

अख्खी डिस्क पुन्हा क्लोन करता आली असती. मी दुसरा रस्ता धरला. जुनी डिस्क काढलेलीच ठेवली, विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि शिफ्ट एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. डिस्कपार्ट या पार्टिशन सांभाळणाऱ्या कमांडमध्ये विंडोजचं पार्टिशन ३०० एमबीनं आखडलं, मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन केलं, ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला 'एस' अक्षर दिलं. इथे एक खबरदारी घ्यावीच लागते. या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. माझं विंडोज 'डी' वर दिसत होतं. 'डीआयआर' कमांडनं आतले फोल्डर पाहून खात्री केली. मग 'बीसीडीबूट' कमांड: कुठलं विंडोज, बूट फायली कुठे ठेवायच्या ('एस') आणि प्रकार यूईएफआय. दोन-तीन सेकंद कर्सर लुकलुकला आणि बूट फायली तयार झाल्याची एक ओळ आली. त्या एका ओळीनं जिवात जीव आला.

पेन ड्राइव्ह काढून बटण दाबलं. ब्राउझर उघडेपर्यंत बावीस सेकंद, आणि कॅबिनेटमधून फक्त पंख्याचा आवाज.

एसएसडीवर पार्टिशनची सुरुवात १ एमबीच्या पटीत आहे ना, आणि ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी सोय) चालू आहे ना, एवढं पाहून घेतलं. 'एफएसयूटिल'नं 'डिसेबल डिलीट नोटिफाय' समोर शून्य दाखवलं म्हणजे ट्रिम चालू आहे. डीफ्रॅगचं (विखुरलेल्या फायली एकत्र आणण्याच्या कामाचं) वेळापत्रक बंद केलं नाही. एसएसडी ओळखून विंडोज तिथे मुख्यतः ट्रिम चालवतं.

जुनी डिस्क दोन आठवडे कपाटात तशीच ठेवली. नवीत काही बिनसलं असतं तर केबल लावून पुन्हा कामाला लागता आलं असतं. नंतर ती फोटोंसाठी वापरायला घेतली. तिच्यावरचं ते १०० एमबीचं पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून पुसता येईना, म्हणून परत डिस्कपार्ट. अख्खी डिस्क पुसणारी 'क्लीन' कमांड देण्याआधी यादीत निवडलेल्या डिस्कसमोर ९३१ जीबीच लिहिलंय, ४६५ नाही, हे तीनदा वाचलं आणि मगच एंटर दाबलं.