नोव्हेंबरचं पान

मंगळवार, रात्र

पुस्तक परत आलं, 'न्यू मून'. ताईच्या दोन मुलींनी वाचायला नेलेलं. ताई दारातूनच देऊन गेली, "दोघींचं वाचून झालं गं," एवढंच म्हणाली. मी सवयीने कडा तपासल्या. एक कोपरा दुमडलाय, काळ्या मुखपृष्ठावरच्या त्या लाल-पांढऱ्या फुलावर नखाचा ओरखडा आहे. त्याचं काही नाही, वाचलेल्या पुस्तकाला एवढं होणारच. मग ती चार पानं बघितली. खरं म्हणजे मुद्दाम उघडावी लागत नाहीत. इतक्या वर्षांत बांधणीच तिथे सैल झालीये, हातात घेतलं की पुस्तक आपण होऊन तिथे उघडतं.

ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. एका पानावर एक शब्द आणि बाकी सगळं कोरं.

नोव्हेंबर कोरा नव्हता. महिन्याच्या नावाखाली धाकटीच्या गोलगोल अक्षरात, पेन्सिलीने: 'एवढं काय? बॉयफ्रेंड गेलाय, जग नाही बुडालं.' शेजारी जांभई देणारा एक चेहरा काढलेला.

संध्याकाळपासून ते डोक्यातून जात नाहीये. पंधरा वर्षांच्या मुलीने पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ. खोडरबर घेतलं तर पाच सेकंदांचं काम. पण मी खोडलं नाही, आणि दुसरं काही कामही केलं नाही. पुस्तक मिटायचं, परत उघडायचं, परत तेच पान.

'वाचा आणि तुमचं मत सांगा' असं मीच म्हटलं होतं की दोघींना. समासात लिहिलं तरी चालेल, असंही मीच म्हटलं होतं. मग आता तक्रार कुणाकडे करायची? पण समासात म्हटलं होतं मी. त्या चार पानांवर कुणी काही लिहील असं माझ्या मनातच आलं नाही. मी स्वतः तिथे कधी साधी रेघ मारली नाही.

आणि मत तरी नवीन आहे का? 'न्यू मून' २००६ च्या सप्टेंबरात आलं, 'ट्वायलाइट'नंतर वर्षही झालं नव्हतं, तेव्हापासून लोक हेच म्हणत आलेत. मालिकेच्या या दुसऱ्या भागात नायकच नाही. तिसऱ्या प्रकरणात तो रक्तपिपासू एडवर्ड बेलाला जंगलात सोडून जातो तो थेट विसाव्यात, इटलीतल्या व्होल्टेराच्या चौकात पुन्हा भेटतो. मधली सोळा प्रकरणं काय वाचायचं? तेव्हाही आम्हा मैत्रिणींतल्या दोघीतिघींनी मधलं सगळं सोडून सरळ विसावं प्रकरण गाठलं होतं. कुणी म्हणे, बेला फार रडूबाई. कुणी म्हणे, तिचा तो लांडगा होणारा मित्र जेकब आहे म्हणून हा भाग तरी बरा, पहिल्यापेक्षा बरा. त्या दोन तटांवरून किती भांडलो आम्ही! एकीने तर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता, आज आठवलं की बरं वाटतं. ते सगळं मी तेव्हा ऐकून घेतलं, उलटून बोलले, आणि मनाला काही लागलं नाही. मग आजच का?

कारण त्या वर्षी मला प्रत्येकानेच 'एवढं काय' म्हटलं होतं. प्रेमाने म्हटलं, चिडून म्हटलं, एकदा तर घरी आलेल्या पाहुण्यांसमोर म्हटलं. या एका पुस्तकाने म्हटलं नव्हतं. आता त्याच्यातही तेच लिहिलेलं आहे.

हे लिहिताना कळलं. लिहायला बसले तेव्हा वाटत होतं, पान खराब झालं म्हणून मी चिडलेय.

*

साडेआठला धाकटीचा फोन आला होता. ताईने काहीतरी सांगितलं असणार.

"मावशी, चिडलीस का?"

"नाही गं."

"मग आवाज असा का येतोय? खोडू का मी ते? मी येऊन खोडते."

"नको. राहू दे."

मग ती थोडी थांबली, आणि जे म्हणाली ते मला तिच्या लिहिण्यापेक्षा जास्त लागलं, पण वेगळ्या प्रकारे लागलं. म्हणाली, "मावशी, खरं सांगू? मला वाटलं लेखिकेला पुढचं सुचलं नाही म्हणून पानं कोरी सोडली. चार महिने चार सेकंदांत उलटले मी. तिला इतकं दुःख झालंय ना, मग मला कळू तरी दे की! सिनेमात मला खरंच वाईट वाटलं होतं."

सिनेमात, म्हणजे २००९ च्या त्या दृश्यात. बेला खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, कॅमेरा तिच्याभोवती फिरतोय, एकेक महिन्याचं नाव येतंय, बाहेरचा ऋतू बदलतोय आणि ती तशीच. मला तेव्हा ते दृश्य आवडलं नव्हतं. वाटलं, जे दाखवायचंच नव्हतं ते कशाला दाखवलं? तिच्या कानात येणारा एडवर्डचा आवाजही तसाच. पुस्तकात नुसता आवाज आहे, पडद्यावर तो धुरासारखा समोर दिसतो. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. पण धाकटीला नेमकी तीच खुर्ची लागली. कॅमेरा फिरेपर्यंत तिला तिथे थांबावं लागलं. पानाने तिला थांबवलं नाही.

मला थांबवलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती चार पानं उलटायला मला रात्रभर लागली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ऑक्टोबरवर मी बसून राहिले. मला माझा ऑक्टोबर माहीत होता. नोव्हेंबरमध्ये काय झालं ते आजही नीट आठवत नाही, ते पान तसंच होतं, कोरं. कुणीतरी माझी रोजनिशी छापलीये असं वाटलं. त्या महिन्यांत मीही एक ओळ लिहिली नव्हती.

लेखिकेला सुचलं नसेल का? धाकटीची शंका आता माझ्याही डोक्यात शिरली आहे. नाही, मला नाही तसं वाटत. त्याच पुस्तकात ती पुढे पानंच्या पानं बोलते, छातीतल्या भोकाबद्दल, दोन्ही हातांनी स्वतःला धरून ठेवण्याबद्दल. जिला एवढं बोलता येतं ती चार ठिकाणी गप्प बसली, ते मुद्दामच.

पण धाकटीचं एक मान्य करायला हवं. तिच्या बाकीच्या खुणा मी आता शांतपणे वाचल्या. बेला कड्यावरून उडी मारते तिथे दोन रेघा ओढून 'वेडी आहे का ही??' मोटरसायकलच्या प्रकरणात 'आवाज ऐकायला मरायचं?' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला खरं वाटलं होतं, सुंदरही वाटलं होतं. आता एका मुलीची मावशी म्हणून वाचते आणि हात गार पडतात. धोक्यात उडी घेतली की गेलेल्याचा आवाज येतो, हे त्या वयात कुणाला सुंदर वाटू नये. धाकटीला ते वाटलं नाही. तिला राग आला. मी सतरा वेळा वाचूनही मला जो राग यायला हवा होता तो तिला पहिल्याच वाचनात आला.

*

थोरलीचं लिहिणं शोधावं लागतं. समासाच्या अगदी कडेला, मुंगीएवढं अक्षर, दाब इतका कमी की पान तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही.

ला पुशचा, म्हणजे जेकबच्या क्विलेउट जमातीच्या वस्तीचा, पहिला मोठा प्रसंग येतो तिथे: 'हे लोक खरे आहेत. यांना कुणी विचारलं होतं का?'

क्विलेउट लोक खरे आहेत, वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर खरंच राहतात, एवढं मला माहीत होतं. आपण लांडग्यांपासून झालो अशी त्यांची स्वतःची जुनी कथा आहे, तेही कुठेतरी वाचलं होतं. रक्तपिपासूंशी वैर वगैरे मात्र लेखिकेचं. पण पुस्तकं गाजली, माणसं त्यांचा किनारा बघायला लोटली, तेव्हा ते लोक शाळा आणि घरं सुनामीच्या टप्प्यातून उंचावर हलवायच्या खटपटीत होते. त्यासाठीची जमीन त्यांना २०१२ च्या कायद्याने मिळाली, शेजारच्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने ठाऊक होतं, आणि तरी हा प्रश्न मला कधी पडला नाही. जेकबवरून मी एवढी भांडले, पण जेकबच्या माणसांचा विचार केला नाही. याचं मला आज खरंच वाईट वाटतंय. यावर परत लिहीन.

जंगलातल्या त्या निरोपापाशी थोरलीने फक्त 'तिला न विचारता' असं लिहिलंय. तीन शब्द. वाढदिवसाच्या भेटीचा कागद बेलाच्या बोटाला कापतो, एक थेंब रक्त येतं, एडवर्डचा भाऊ जॅस्पर तिच्यावर झेपावतो, आणि तीन दिवसांनी एडवर्ड ठरवून मोकळा होतो की मी गेलो तरच ती सुखी राहील. वाचकांचा सगळ्यात जुना राग याच जागेवरचा आहे. तिच्या भल्यासाठी! भलं तिचं आणि ठरवणार हा.

आणि शेवटाकडे, एडवर्ड बेलाला सांगतो की नेलेल्या वस्तू, फोटो, सीडी, सगळं तिच्याच खोलीच्या लाकडी जमिनीखाली लपवलं होतं, तिथे थोरली लिहिते: 'म्हणजे सगळे महिने ते तिच्या पायाखालीच होतं.'

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. इतक्यांदा वाचलेलं पुस्तक, आणि त्या फळ्यांवरून ती रोज चालत होती हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. मी तिथे दरवेळी सुखावत होते, की बघा, त्याने फेकून दिलं नव्हतं. थोरलीला मात्र त्या फळ्यांवर पाय ठेवणारी ती दिसली.

माझ्याकडेही एक पाकीट आहे. कुठे आहे ते मला माहीत आहे. असो.

*

अकरा वाजून गेलेत. रागाची धार बरीच गेलीये. धाकटीच्या जांभईकडे आता बघवतं. चेहरा चांगला काढलाय तसा, भुवया वर चढवलेल्या, हुबेहूब तिच्यासारख्या. तिचं काही चुकलं नाही. कोऱ्या पानावर वाचणाऱ्याला स्वतःचंच काहीतरी सापडतं. तिला अजून काही सापडत नाही. तिच्याकडे तसं काही नाहीच, आणि नसो. खूप वर्षं नसो. त्या पानावर तिला जांभई आली याचा मला आनंद व्हायला हवा, आणि आता, उशिरा का होईना, होतोय. मी काय म्हणत होते, तिनेही तिथे रात्रभर बसून राहायला हवं होतं?

ती ओळ राहू दे. नोव्हेंबरात कुणीतरी 'एवढं काय' म्हणतंच. तेही त्या महिन्यातलंच आहे. मी ते सगळं निभावलं, जग बुडालं नाही, हेही खरंच आहे. पंधरा वर्षांची मुलगी बरोबर बोलली म्हणून माझं दुखलं ते काही खोटं ठरत नाही.

पुस्तक फळीवर ठेवायला उठले आणि सवयीने दिवा तिरका पडेल असं धरलं, तर जानेवारीच्या पानावर खाली अगदी कोपऱ्यात आणखी एक ओळ. थोरलीची. 'आज इथेच थांबते.' खाली तारीख.

मी संध्याकाळपासून नोव्हेंबरच बघत बसले होते.

तिने पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाही तारीख घातलीये. मधे अकरा दिवस गेलेत. थोरली, जी पहिला भाग दोन रात्रींत संपवते आणि तिसऱ्यासाठी भुणभुण लावते. अकरा दिवस. परीक्षा असेल. कंटाळली असेल, धाकटीसारखीच. असंही असू शकतं.

फोनवर मी धाकटीला विचारलं होतं, ताई कुठे आहे तुझी? "खोलीत. झोपलीये." साडेआठला. मी पुढे काही विचारलं नाही, मला तेव्हा माझ्याच पानाचं पडलं होतं. आणि माझी ताई आज दारातूनच गेली, आत आली नाही, "दोघींचं वाचून झालं" म्हणाली तेव्हा तिने माझ्याकडे नीट बघितलंही नव्हतं. मी ते घाईवर घातलं.

मी उगीच काहीतरी जुळवत असेन. माझा ऑक्टोबर दुसऱ्याच्या खोलीत शोधायची मला सवय आहे, ताई तसं म्हणतेसुद्धा.

तरी उद्या जाऊन येते. धाकटीला तिसरा भाग हवाच आहे, तेवढं निमित्त पुरे. थोरलीला काही विचारायचं नाही. तिने लिहिलेलं मी वाचलं, जमिनीखालच्या वस्तूंचं मला आवडलं, एवढं सांगायचं आणि तिच्या खोलीत थोडं बसायचं. बोलली तर ऐकायचं. 'एवढं काय' म्हणायचं नाही.

तिसरा भाग सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या रांगेत आहे. सकाळी स्टूल घेऊन काढायला हवा.