जरा उचलून ढकला

मुंबईत पाऊस यायची ठरलेली तारीख ११ जून. पाऊस ती पाळतोच असं नाही, आमच्या बाथरूमचं दार मात्र पाळतं. त्या सुमारास एका सकाळी ते लागेनासं होतं. जोर करून लावलं तर उघडेनासं होतं. मग पुढचे चार महिने आमच्या घरात एक वाक्य मुक्कामाला येतं : "जरा उचलून ढकला."

घरच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. डाव्या हाताने कडी धरून दार किंचित वर उचलायचं, उजव्या खांद्याचा दणका द्यायचा आणि पायाच्या अंगठ्याने खालचा कोपरा आत सारायचा. मुलगी हे सगळं अर्धवट झोपेत करते. पाहुण्यांना मात्र आधी प्रात्यक्षिक द्यावं लागतं आणि ते द्यायला आपल्याला लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात घरी सत्यनारायण होता. माझ्या मावससासूबाई "मला कळतं गं" म्हणत आत गेल्या आणि अडकल्या. बाहेर गुरुजींचा तिसरा अध्याय चालला होता. तिकडे साधुवाणी जावयासकट कैदेत, इकडे मावशी. कथा मध्येच थांबवायची नाही म्हणून नवरा बसल्या जागेवरून, हात जोडलेले ठेवून, बाथरूमच्या दिशेने पुटपुटत होता, "मावशी, उचला आणि ओढा." साधुवाणी आधी सुटला.

सुताराला बोलावलं नाही असं नाही. आमचे सुतारकाका कणकवलीकडचे, बोलणं कमी. त्यांनी दारावरून हात फिरवला, दोनदा लावून पाहिलं, म्हणाले, "वहिनी, आत्ता रंधा मारला तर थंडीत बोटभर फट पडेल. बाथरूमचं दार आहे." मुद्दा बिनतोड होता. मग त्यांनी समजावलं की लाकूड ओल पिऊन उंचीला वाढत नाही, रुंदीलाच सुटतं. हे ऐकताना नवरा माझ्याकडे बघून हसला. ते मी लक्षात ठेवलं आहे. "पाऊस संपून लाकूड वाळलं की बोलवा, बिजागऱ्याही खाली आल्यात, सगळं एकदम करू," असं सांगून काका चहा पिऊन गेले. ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची.

मला राग दाराचा येत नाही. दाराबद्दल कोणाशी बोलता येत नाही, त्याचा येतो. ऑफिसात जाऊन काय सांगणार, आमचं दार घट्ट झालंय? लोक आईच्या गुडघ्यांचं, मुलाच्या अ‍ॅडमिशनचं, गृहकर्जाचं बोलत असतात. त्यात आपलं दार! 'किरकोळ' म्हणून आपणच जीभ आवरतो. आणि गंमत अशी की मोठ्या संकटात माझं डोकं अगदी थंड असतं. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, मी फोर्टहून निघाले आणि कमरेएवढ्या पाण्यातून दादरपर्यंत चालत गेले. एका ओळखीच्यांच्या घरी रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलुंडला पोचले. चप्पल हिंदमाताला गेली. एकदाही चिडले नाही. उलट वीस वर्षं ती गोष्ट सांगते आहे, लोक ऐकतात, स्वतःचीही सांगतात. आणि परवा दुधाची पिशवी कापायला कात्री सापडली नाही, तर ओट्यापाशी उभी राहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कात्री फ्रिजवर होती. फ्रिजवर कोणी ठेवली, याचा तपास अजून चालू आहे.

पावसाळ्यात अशा गोष्टींना ऊतच येतो. मीठ बरणीत गोळा होऊन बसतं. त्यात तांदळाचे दाणे टाकायचे आणि मग आमटीत ते दाणे कोणाच्या तरी दाताखाली यायचे. पापड नरम. टॉवेल धुतलेला की न धुतलेला, हे वासावरून कळेनासं होतं. आगपेटीचं तर विचारू नका.

लोकलमधली चौथी सीट हाही याच जातीचा त्रास. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायचं, म्हणजे अर्धं शरीर बसलेलं आणि अर्धं उभं. बसायला मिळालं म्हणून कुरकुर करता येत नाही आणि पाय भरून येतात ते येतातच. खिडकीशी बसलेल्या बाईला "कुठे?" विचारलं, तर ती डोळे न उघडता "ठाणा" म्हणते. म्हणजे तिची जागा रिकामी व्हायच्या एक स्टेशन आधीच मी मुलुंडला उतरलेली असते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा चौदा डब्यांत चारशेच्या आसपास माणसं होती म्हणे. डब्याला तीससुद्धा नाहीत! तोफांच्या सलामीपेक्षा मला याचंच जास्त अप्रूप वाटतं. ऐसपैस बसून, बायकांच्या कोपरांविना, ठाण्यापर्यंत.

ऑफिसात माझी खुर्ची खाली बसते. एकदम नाही, हळूहळू. सकाळी अकराला मी कीबोर्डच्या बरोबर उंचीवर असते, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबल छातीशी येतं आणि चारला एखादी शाळकरी मुलगी बापाच्या टेबलाशी बसावी तशी दिसते. एकदा साहेब समोर येऊन म्हणाले, "मॅडम कुठे गेल्या?" मधल्या दांड्यात दाबलेला वायू असतो, तो कडेच्या सीलमधून झिरपला की असं होतं, ही माहिती मला शेजारच्या टेबलावरच्या मुलाने दिली. सोबत आपली खुर्ची देऊ केली नाही. मी रीतसर तक्रार लिहून दिली. तिसऱ्या दिवशी देखभालीचे गृहस्थ आले, माझ्या खुर्चीत बसले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरले. "ठीक तर आहे," म्हणाले. मी म्हटलं, तासभर बसा. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. खुर्ची माझ्याकडे बघत ताठ उभी होती. आमच्या आईचं असंच व्हायचं. रात्रभर कळा, आणि सकाळी डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकलं की दुखणं गायब. मग ती त्यांच्यासमोर अपराध्यासारखी बसायची आणि घरी येऊन आम्हाला म्हणायची, "रात्री खरंच दुखत होतं रे."

हे किरकोळ त्रास चारचौघांत फार सभ्य असतात. सोसायटीच्या लिफ्टचंही तेच. मी एकटी पिशव्या घेऊन असले की ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये विचार करत थांबते. सेक्रेटरींना दाखवायला नेलं, तर सासरी आलेल्या नव्या नवरीसारखी अलगद थांबली. नीट, दाराला दार लावून. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही बटण जोरात दाबत असाल."

मी पूर्वी यांची यादी करायचे. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेली : दार, गिझरचा दिवा, कुकरची शिट्टी, बाल्कनीतली दोरी. यादीवर आमटी उडाली. नवी लिहायची राहिली, ती राहिलीच. गिझरचा दिवा लागत नाही, पण आता पाण्याच्या आवाजावरून कळतं तापलंय की नाही. कुकरची शिट्टी दाबून धरली की नीट होते. नवऱ्याला ती दाबता येत नाही, मला गिझरचा आवाज ओळखता येत नाही. त्यामुळे घर चाललेलं आहे.

यंदा फेब्रुवारीत सुतारकाका शेजाऱ्यांकडे कपाटाच्या कामाला आले होते. जिन्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, तुमचं ते दार राहिलंय ना? हत्यारं आहेत सोबत, बघून टाकतो." मी त्यांना आत घेऊन गेले. त्यांनी एका बोटाने दार ढकललं. ते सरळ गेलं आणि आवाजसुद्धा न करता लागलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. त्यांनी उघडून पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"कुठे अडतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चहा घेणार ना?"