अखेर पुढचं चाक मोकळं फिरलं

गाडीला पुढे मोठे ब्रेक बसवतोय, आणि पुढचं डावं चाक काल मोकळं फिरलं. आत 345 मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), बाहेर 18 इंची चाक, आणि हाताने जोरात फिरवलं तर ऐकू येते ती फक्त पॅडची सळसळ. मागची नोंद वाचलेल्यांना माहीत आहे सगळं कुठे अडलं होतं: ब्रॅकेट बसला, कॅलिपर बसला, ब्रेक फ्लुइडच्या होजची लांबी पुरली, आणि चाक चढवलं की स्पोक कॅलिपरच्या खांद्यावर टेकायचा. या एका जागेने कामाचा बहुतेक वेळ खाल्ला, म्हणून आज बरंचसं त्याबद्दलच.

गाडी तीच, दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस. कंपनीकडून पुढे 312 बाय 25 ची (व्यास आणि जाडी, मिमीत) डिस्क आणि 54 मिमीचा एकच पिस्टन असलेला सरकता कॅलिपर. याच पीक्यू 35 प्लॅटफॉर्मवरच्या (म्हणजे याच मूळ सांगाड्यावरच्या) ऑडी एस3 आणि गोल्फ आर32 यांना 345 बाय 30 ची डिस्क कंपनीतूनच यायची, आणि तो संच आपल्या गाडीवर चढवणारे बरेच आहेत. तो मार्ग चांगलाच आहे. मी चार पिस्टनचा संच घेतला तो दोन कारणांनी. एक, अ‍ॅल्युमिनियमचा कॅलिपर वजनाला हलका. दोन, पिना ओढल्या की पॅड वरच्या वर बाहेर येतात, कॅलिपर सोडावा लागत नाही. ट्रॅकवर जाऊन पॅड बदलायचे आणि परत निघताना रस्त्याचे घालायचे, तर हा दुसरा मुद्दा फार मोलाचा.

पण चार पिस्टनची किंमत चाकाला मोजावी लागते. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, बाहेर नुसता पातळ पंजा. स्थिर कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंना पिस्टन, त्यामुळे बाहेरचं अर्धं अंगही तेवढंच जाड आणि ते थेट स्पोकच्या दिशेने पुढे आलेलं. 18 इंची बॅरलमध्ये (चाकाच्या आतल्या नळकांड्यात) कॅलिपर मावेल का, एवढंच आपण सगळे आधी बघतो. ती अडचण इथे नव्हतीच, वर बोट जाईल एवढी जागा होती. अडचण होती स्पोकच्या पाठीशी.

पहिलं चाक होतं 18 बाय 8 (व्यास आणि रुंदी, इंचांत), ईटी (ऑफसेट, अर्थ पुढे सांगतो) 45, पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5 बाय 112, कॉन्केव्ह, म्हणजे मध्याकडे खोलगट. कंपनीचं चाक 18 बाय साडेसात, ईटी 51. म्हणजे बाहेरची कड साधारण 12 मिमी बाहेर गेली आणि आतली जवळजवळ होती तिथेच राहिली. फेंडरच्या दृष्टीने अगदी योग्य माप. संच विकणाऱ्याने कॅलिपरचा कागदी नमुना पाठवला होता, तो छापून पट्टीने मोजला, माप बरोबर होतं, चाकात धरून पाहिला, छान बसला. आणि तरीही प्रत्यक्षात स्पोक टेकला. कारण शोधायला कॅलिपर पुन्हा उतरवून टेबलावर ठेवला आणि व्हर्नियर लावला तेव्हा कळलं की तो नमुना कॅलिपरच्या मधोमध घेतलेल्या छेदाचा आहे. सर्वात जाड भाग मधोमध नाहीच. तो मोठ्या पिस्टनच्या फुगवट्यावर आहे, आणि तिथे कागदापेक्षा दोन मिमी जास्त धातू आहे. ब्रॅकेटचं मशिनिंग इतकं सुरेख करणाऱ्या विक्रेत्याने नमुना असा अर्धवट द्यावा याचं मला वाईट वाटलं. त्यांना मोजमापं आणि फोटो पाठवले आहेत, अजून उत्तर नाही.

नेमकं कुठे आणि किती टेकतं हे बघायला प्लॅस्टिसिनसारखं दुसरं काही नाही. कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावर ओळीने छोटे गोळे चिकटवले, वर थोडं तेल लावलं म्हणजे ते स्पोकला चिकटून येत नाहीत, चाक चढवून दोन बोल्ट हाताने आवळले, हळूच थोडं फिरवलं, काढलं. बाकीचे गोळे नुसते चेपले होते. फुगवट्यावरचा मात्र ट्रेसिंग पेपरइतका पातळ झालेला, आणि मधोमध खालचा लाल रंग दिसत होता. स्पोकमागे निदान 3 मिमी मोकळे हवेत असं मी धरून चालतो. वळणात चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दोन्ही किंचित वाकतात, शिवाय तापल्यावर सगळं थोडं फुगतं.

इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. ईटी हा आकडा स्पोकबद्दल काहीही सांगत नाही. तो सांगतो फक्त हबला टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते. त्या पृष्ठभागापासून स्पोक कसा निघतो, आधी बाहेर फुगतो की सरळ तिरका कडेकडे जातो, यावर कॅलिपरची जागा ठरते. कॉन्केव्ह चाकात स्पोक हबपासून सरळ तिरका जातो, आणि कॅलिपरचा आतला खांदा जिथे असतो तिथेच नेमकी जागा कमी. एकाच मापाची, एकाच ईटीची दोन चाकं या बाबतीत पूर्ण वेगळी असू शकतात. रेज ही चाकं बनवणारी कंपनी आपल्या काही चाकांना फेसचे वेगवेगळे क्रमांक देते ते याचसाठी. तेव्हा 'ईटी 45 बसेल का?' या प्रश्नाला उत्तरच नसतं. 'या चाकाचा स्पोक हबच्या मध्यापासून 120 मिमीवर किती मागे आहे?' असं विचारलं तर उत्तर मिळतं.

मग उपाय. कॅलिपरचा खांदा कानशीने थोडा उतरव, असं मला दोघांनी सुचवलं. मनापासून सांगतो, कोणी करू नका. त्या फुगवट्याच्या आत पिस्टनचं सिलिंडर आहे आणि जोरात ब्रेक दाबल्यावर तिथे शंभर बारच्या आसपास दाब असतो. तिथली भिंत किती जाड हवी ते बनवणाऱ्याने ठरवलंय. स्पोकची पाठ घासणं तर त्याहून वाईट.

दुसरा पर्याय 5 मिमीचा स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती. जागा लगेच मिळाली, पण बाकीचं बिघडलं. या डिस्कची बेल (मधला टोपीसारखा भाग) अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि तिचा तळ मूळ ओतीव डिस्कपेक्षा दीड मिमी जाड आहे. म्हणजे 57.1 मिमीच्या हबची जी कडा चाकाला मध्यावर धरते, तिचा दीड मिमी आधीच गेलेला. वरून साधा सपाट स्पेसर टाकला की धरायला फारसं काही उरत नाही, चाक फक्त बोल्टच्या भरवशावर. स्वतःची कडा असलेला हबसेंट्रिक स्पेसर 5 मिमीत मिळतो, पण ती कडा इतकी पातळ असते की मला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला नाही. बोल्टचंही तेच. मूळचे एम14 बाय 1.5 (14 मिमी जाड, दर फेऱ्याला 1.5 मिमी आत जाणारे), लांबी 27 मिमी. साडेसहा मिमी जाडी वाढल्यावर ते आट्यांमध्ये पुरेसे जात नाहीत. या आट्याला निदान साडेसात फेरे बसायला हवेत हा आपल्याकडचा जुना नियम मी सोडत नाही. शिवाय ईटी प्रत्यक्षात 40 झाल्यावर पूर्ण स्टीअरिंगला टायर पुढच्या लायनरला (फेंडरच्या आतल्या अस्तराला) घासू लागला. स्पेसर काढून ठेवला.

तेव्हा चाकच बदलायचं ठरलं, पण या वेळी नमुना स्वतः बनवून. 3 मिमी प्लायवूड घेतला. कॅलिपर आणि डिस्क गाडीवर असताना बेलच्या तळावर सरळ पट्टी आडवी धरली, हबच्या मध्यापासून दर 10 मिमीला पट्टीपासून कॅलिपरपर्यंतचं अंतर व्हर्नियरने घेतलं, आणि हे फुगवट्यावरच घेतलं. ते बिंदू प्लायवूडवर उतरवून बारीक करवतीने कापलं आणि सगळ्या बाजूंनी 3 मिमी वाढवून ठेवलं. हा तुकडा कुठल्याही सुट्या चाकाच्या मागून हबच्या तळाला टेकवून फिरवायचा. फिरला तर चाक बसणार. ब्रेक बदलण्याआधी चाकं घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा तुकडा बनवून सोबत ठेवावा असं माझं ठाम मत आहे. माझी मापं ज्यांना हवीत त्यांनी कळवा.

या तुकड्याने चार-पाच चाकं क्षणात बाद केली, त्यात माझं सर्वात आवडतंही गेलं. जे उरलं ते सडपातळ स्पोकचं, फ्लो-फॉर्म्ड (बॅरल फिरवत दाबून पातळ केलेलं), 18 बाय 8, ईटी पुन्हा 45. आकडे जुन्या चाकाचेच, पण स्पोक आधी बाहेर फुगून मग कडेकडे वळतो. प्लॅस्टिसिन लावून पाहिलं: फुगवट्यावर साडेचार मिमी. तराजूला लटकवलं तर जुन्या चाकापेक्षा जवळपास दोन किलो हलकंही निघालं. त्या साडेचार मिमीचा आनंद मी सविस्तर घेतला, चाक काढून पुन्हा लावून पाहिलं.

टायर चढवून, बॅलन्सिंग करून चाक परत आलं, लावलं, फिरवलं, आणि टिक. दर फेऱ्याला एक टिक. स्पोकमागे नाही, वर, बॅरलमध्ये. चिकटवण्याची वजनं! बॅलन्सिंग यंत्र बाहेरच्या पातळीची वजनं स्पोकच्या लगेच मागे मागतं आणि तिथूनच कॅलिपरची दोन्ही अंगं जोडणारा पूल जातो. बोटभर जागा सगळीकडे होती, फक्त या पट्ट्यात बॅरलला पायरी आहे आणि वजनं जाड, एकावर एक दोन थर. पुन्हा दुकानात जाऊन आधी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायला लावला. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू समोरासमोर आली, लागणारं वजन निम्म्याहून कमी झालं, आणि उरलेल्या बारीक पट्ट्या एका थरात बसल्या. त्या कारागिराने कुरकुर न करता हे केलं आणि प्रत्येक पट्टीखालची जागा आधी स्पिरिटने पुसली. असा माणूस मिळाला तर सोडू नका.

बोल्टबद्दल एक सूचना, कारण हे दर वेळी कोणीतरी विचारतं. मूळ बोल्टचं डोकं गोलाईचं, आर13, म्हणजे 13 मिमी त्रिज्येचं. बाजारातली बहुतेक चाकं 60 अंशांच्या शंकूची. दिसायला फरक फार थोडा, पण गोल बोल्ट शंकूत फक्त एका रेषेवर टेकतो आणि सैल होतो. नवे शंकूचे घेतले, 28 मिमीचे, फेरे मोजले, पुरेसे. 120 न्यूटन मीटरला आवळले आणि थोडं चालवून पुन्हा तपासले.

आता पेडल. चार पिस्टन म्हणजे पेडल खोल जाणार अशी भीती बरेच जण घालतात. हिशेब करा. मूळ 54 मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 2290 चौरस मिमी. माझ्या कॅलिपरमध्ये एका बाजूला 36 आणि 40 चे पिस्टन, मिळून सुमारे 2275. म्हणजे फ्लुइड तेवढंच लागतं आणि दाबातून मिळणारा जोरही तेवढाच. ब्लीडिंग (फ्लुइडमधली हवा काढणं) झाल्यावर पेडल आधीसारखंच वर आणि घट्ट आहे, स्टीलच्या वेणीच्या होजमुळे किंचित जास्त घट्ट. वाढली ती फक्त त्रिज्या, पॅड जिथे पकडतो ती साधारण 129 मिमीवरून 146 वर गेली. पुढच्या ब्रेकची ताकद सुमारे 13 टक्क्यांनी वाढली. 38 आणि 42 चा संचही उपलब्ध होता. तो घेतला असता तर ही वाढ 25 टक्क्यांच्या घरात गेली असती, पुढची चाकं लवकर लॉक व्हायला लागून एबीएस आधी जागं झालं असतं आणि मागचे ब्रेक नुसते बघत बसले असते. थांबण्याचं अंतर शेवटी टायर ठरवतात. मोठी डिस्क हवी असते ती उष्णता सोसायला.

हे आकडे लिहिता लिहिताच मागच्या ब्रेकचा बेत बदलतोय. आर32 च्या 310 बाय 22 च्या मागच्या डिस्क घ्यायच्या असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. पण 13 टक्के भरून काढायला एवढं करायची गरज दिसत नाही. आधी मागे एक पायरी तीव्र पॅड घालून बघतो. डिस्कचा विचार मागचे ब्रेक खरोखर तापताहेत असं दिसलं तरच.

आणि ते बघायला काय करायचं हेही आत्ताच सुचलं: डिस्कच्या कडेला तापमानाचा रंग. हिरवा 430, केशरी 560 आणि लाल 610 अंशांना रंग सोडतो. पुढच्या आणि मागच्या चारही डिस्कच्या कडेवर तिन्हींचे ठिपके लावून एक ट्रॅक डे केला की कुठे किती उष्णता गेली ते बरोबर कळेल, आणि पुढचा पॅडही त्यावरूनच ठरवता येईल. पॅड बेड-इन झालेत, म्हणजे नव्या डिस्कवर घासून जमलेत, डिस्कवर एकसारखा करडा थर आलाय. उजवीकडचं चाक या आठवड्यात चढवतो, मग रंग मागवतो. तिन्ही रंग एकत्र असलेला छोटा संच कोणी वापरला असेल तर तो किती चिकटून राहतो ते सांगा.